तंजावूरचे पाते, कोणाचे म्यान?

जुन्या शस्त्रांच्या बाजारात नुसत्या पात्याला एक भाव असतो. ते पाते स्वतःच्या मूळ म्यानासह आले तर भाव चढतो आणि ते कोणाच्या शिलेखान्यातून, म्हणजे शस्त्रागारातून, निघाले हे सांगणारा कागद सोबत असेल, तर विकणारा म्हणेल ती किंमत. अमेरिकेतल्या बोवी सुऱ्यांच्या शौकिनांनी हे फार आधी ओळखले. १८२७ साली मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या बेटावर झालेल्या मारामारीने जिम बोवीचे नाव गाजले, १८३६ मध्ये अलामोच्या वेढ्यात तो मारला गेला आणि त्याच्या नावाचे सुरे इंग्लंडातल्या शेफील्डच्या कारखानदारांनी पेट्या भरभरून अमेरिकेत विकले. आज तिथला जाणकार पात्यावरचा शिक्का पाहतो आणि लगेच विचारतो, म्यान कुठे आहे? चामड्याची शिवण, टोकाची पत्र्याची टोपी, सुरा वर्षानुवर्षे आत राहून चामड्याला पडलेला आकार, हे सगळे तो भिंगाखाली धरतो. हौसेला मोल नसते, म्हणून हा प्रकार आम्ही श्रीमंतांच्या छंदखात्यात टाकून मोकळे झालो असतो. पण त्याच भिंगाखाली आता तंजावूर आहे, आणि तंजावूरच्या बाजूने उत्तर द्यायला कोणी उभे नाही.

‘तंजावूरची कट्यार’ हा जगाच्या बाजारातला नावाजलेला माल आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अशा कट्यारी आहेत. त्यातल्या अनेक जॉर्ज कॅमेरॉन स्टोन या अमेरिकी संग्राहकाच्या मृत्युपत्राने १९३५ साली तिथे गेल्या. एकदा मोठ्या संग्रहालयाच्या पाटीवर नाव चढले की बाजार ते नाव उचलतो. दक्षिणेतली जाळीदार मुठीची कोणतीही कट्यार मग ‘बहुधा तंजावूर शिलेखान्यातली’ म्हणून पुढे येते. या ‘बहुधा’वर किती पैसे फिरतात ते फिरवणाऱ्यांनाच ठाऊक. त्यातली खरी कोणती, उपटसुंभ कोणती, राजवाड्यातून सरकारी हुकमाने बाहेर पडलेली कोणती आणि चोरवाटेने गेलेली कोणती, याचा निवाडा करील अशी, कोणालाही उघडून पाहता येईल अशी एकत्र यादी आज ना तंजावूरकडे आहे, ना चेन्नईकडे, ना मुंबईकडे. आमची तक्रार या यादीपुरती आहे. ती झाली नाही तर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बाजारच तंजावूरचा शस्त्रेतिहास लिहून टाकील आणि तो आपण पैसे मोजून विकत घेऊ.

शिलेखाना हा मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांपैकी एक. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावूर घेतले तेव्हा त्यांच्या हाती नायकांचा राजवाडा आला, तशी नायकांची शस्त्रेही आली. त्यांतली काही त्याआधीच्या विजयनगरी घडणीची. पुढे पावणेदोनशे वर्षे त्यात मराठी भर पडत गेली. राजवाड्यात आजही देवळाच्या शिखरासारखा मजल्यावर मजला चढवत नेलेला, सुमारे १९० फूट उंचीचा मनोरा आहे. स्थानिक लोक त्याला कूडगोपुरम म्हणतात, मार्गदर्शक शस्त्रमनोरा म्हणून दाखवतात आणि १८५५ पर्यंत इथे शस्त्रे होती असे सांगतात. पाहुणा मान वर करतो, फोटो काढतो आणि चोळांच्या ब्राँझमूर्तींच्या दालनाकडे वळतो. मनोऱ्यातली शस्त्रे गेली कुठे, हे तो विचारत नाही. आम्हा मराठी लोकांनीही ते कधी नीट विचारलेले नाही.

हकिकत अशी. १७९९ च्या तहाने सरफोजीराजे दुसरे यांनी राज्यकारभार कंपनीच्या हवाली केला. राजांकडे किल्ला, राजवाडा आणि मानमरातब राहिला. फौजच उरली नाही तेव्हा शिलेखान्यातली हत्यारे मिरवणुकीची आणि पूजेची झाली. सरफोजी स्वतः जगातल्या वस्तू गोळा करणारे. ग्रंथ, चित्रे, वैद्यकाची हत्यारे यांनी त्यांचा राजवाडा भरला. त्यांचे पुत्र शिवाजीराजे दुसरे ऑक्टोबर १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि कंपनीने गादीच खालसा केली. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीच्या कमिशनराने फौज बरोबर घेऊन राजवाडा ताब्यात घेतला. दरबारी आणि खासगी असा भेद त्या दिवशी कोणी केला नाही. जे होते त्यावर मोहोर लागली. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि तिथे जिंकल्या. पण १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. कंपनीने केले ते राज्यसत्तेचे कृत्य आहे, ते न्याय्य असो वा नसो, न्यायालयाला त्यात हात घालता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही शिकवतात. राण्यांना पुढे सरकारी मेहेरबानी म्हणून खासगी मालमत्तेतले काही परत मिळाले.

शिलेखान्याचे मात्र धिंडवडे निघाले. १८६० च्या दशकात तो मोडला गेला. निवडक हत्यारे मद्रासच्या सरकारी संग्रहालयाला मिळाली. ते संग्रहालय १८५१ साली स्थापन झालेले, आज चेन्नईत एग्मोरला आहे आणि तिथल्या शस्त्रदालनाचा कणा तंजावूरचाच आहे. उरलेल्या ढिगातले बहुतेक मोडीत गेले. मद्रासच्या मुलकी सेवेत राहिलेल्या एम. जे. वॉलहाउस यांनी १८७८ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त त्या जुन्या शस्त्रागारावर टिपण लिहिले, ते त्या काळाच्या माणसाने लिहिलेले म्हणून मोलाचे. अलीकडे रॉबर्ट एल्गूड यांनी हिंदू शस्त्रांवरच्या २००४ सालच्या ग्रंथात तंजावूरला मानाची जागा दिली. आपल्या शिलेखान्यावरचे मोठे काम असे इंग्रजीत आणि इंग्रजांनी केलेले. त्यांच्याविषयी आकस नाही. त्यांनी ते केले नसते तर एवढेही कळले नसते.

मोड म्हणजे वजनावर विक्री. लोखंड वजनात भरते. लाकूड, चामडे आणि मखमल भरत नाही. सोन्यारुप्याचा पत्रा आधीच खरवडून घेतला जातो. तेव्हा शस्त्रे मोडीत काढताना पहिला बळी म्यानांचा जाणार हे सांगायला साक्षीदार नको. जगातल्या संग्रहालयांत तंजावूरच्या कट्यारी बहुतेक उघड्याच दिसतात याचे कारण इथे शोधावे लागते. म्हणूनच मूळ म्यानासह वाचलेली कट्यार बाजारात एवढी चढते, आणि जे एवढे चढते ते बनवणारेही निघतात.

या कट्यारीकडे जरा जवळून पाहा. मूठ म्हणजे दोन आडव्या दांड्या, मध्ये फुगीर गाठी. दोन्ही बाजूंनी मनगटाकडे येणाऱ्या पोलादी पट्ट्या. बोटांच्या पुढे नागाने फणा काढावा तशी बाहेर फुगलेली जाळीदार पाखर, तिच्या टोकाला याळीचे किंवा मकराचे तोंड. दक्षिणेच्या देवळाचा खांब घडवणाऱ्यांची नजर या पाखरीत उतरलेली असते. आणि पाते? ते बऱ्याचदा युरोपातले. बंदरात उतरलेल्या फिरंगी तलवारीचे लांब पाते आखूड कापून मुळाशी रिव्हेटांनी ठोकून बसवलेले. रिव्हेटांची रांग नीट पाहिली तर सांधा कळतो. हातभर लांबीच्या या वस्तूत युरोपचा लोहार, कावेरीकाठचा कारागीर आणि मराठ्यांचा शिलेखाना एकत्र आलेले असतात. म्यान असते तर चौथी गोष्ट कळली असती: ही कट्यार शेवटी कोणी, कोणत्या काळात, कशासाठी वापरात ठेवली.

पाते दोनशे वर्षे टिकते, म्यान टिकत नाही. दोन पातळ फळ्या आतून कोरून जोडायच्या, त्यावर चामडे किंवा मखमल ओढून मागल्या अंगाने शिवायची, तोंडाशी मोहनाळ आणि टोकाला तहनाळ चढवायची, हे जिनगराचे काम. पात्याला धार आणि झिलई देणे शिकलगाराचे. नांदत्या शिलेखान्यात म्यान फाटले की नवे होई, दसऱ्याआधी मखमल बदले. त्यामुळे एकाच पात्याने आयुष्यात तीन-चार म्याने पाहिलेली असू शकतात. ‘मूळ म्यान’ याचा अर्थ पात्याच्या जन्मदिवशी शिवलेले असा घेतला तर हाती काही लागणार नाही. राजवाड्याच्या चाकरीत असताना त्या पात्याला जे शेवटचे लाभले तेच आपल्या कामाचे. मखमलीची वीण, आतल्या अस्तराचे कापड, शिवणीचा दोरा, मोहनाळीवरचा आकडा किंवा अक्षर यांवरून ते ओळखता येते. मात्र ओळखणाऱ्याला ताडून पाहायला दुसरे नि:शंक उदाहरण हवे, आणि तेच आपण राखत नाही.

इथे एक गोची आहे आणि ती संग्रहालयांनाही चुकत नाही. वनस्पतीच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते. ते ओलावा धरते आणि पोलादाला गंज चढवते. पितळी टोपीशी चामड्यातल्या चरबीचा संबंध आला की हिरवट मेणासारखा थर जमतो. कावेरीच्या खोऱ्यातल्या दमट हवेत हे लवकर होते. म्हणून जतन करणारे शहाणे लोक सांगतात, पाते म्यानातून काढून वेगळे ठेवा. सल्ला बरोबर आहे. पण वेगळे ठेवताना दोघांना एकच क्रमांक बांधला नाही, तर जतनानेच ताटातूट होते. पाते धातूच्या कपाटात, म्यान चामड्याच्या वस्तूंत. दहा वर्षांनी कर्मचारी बदलतो, नवी वही सुरू होते, आणि म्यान ‘चामडी वस्तू, मोडकी, १’ या नोंदीने निर्लेखनाच्या यादीत जाऊन बसते. हा दोष एखाद्या संस्थेचा नाही. जिथे वस्तूचा क्रमांक कपाटाप्रमाणे पडतो तिथे तिथे तो संभवतो.

खासगी घरांत वेगळीच तऱ्हा. वाड्यात वारशाने आलेला सुरा दसऱ्याला बाहेर निघतो आणि कोणीतरी हौसेने तो पॉलिशवाल्याकडे नेतो. बफिंगच्या चाकाखाली पाच मिनिटांत पात्यावरचा जौहर, म्हणजे पोलादातली ती पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, पुसली जाते. जुने म्यान ‘घाण दिसते’ म्हणून फेकले जाते आणि लाल मखमलीचे नवे येते. वस्तू चकचकीत होते आणि पुरावा संपतो. हाच प्रकार विक्रेता मुद्दाम करतो तेव्हा त्याला बनावट म्हणतात. घरचे करतात तेव्हा कौतुक होते.

आता शिकारी सुऱ्यांकडे वळू, कारण त्यांच्याबाबत आपली बेफिकिरी तर पराकोटीची आहे. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना रानडुकराच्या शिकारीसाठी भाले आणि सुरे लागत. तंजावूरच्या वायव्येला असलेल्या सेलममध्ये ‘अर्नाचेलम, सेलम’ असा शिक्का असलेले सुरे आणि भाल्याची पाती घडत. आणि इकडे आपल्या औरंगाबादेत ‘बोदराज’ हा शिक्का त्याच मालासाठी नाव कमावून होता. इंग्रज शिकाऱ्यांना शेफील्डचे पाते घरबसल्या मिळत होते, तरी त्यांनी सेलम आणि औरंगाबादचे घेतले. सेलमच्या परिसरात लोखंड-पोलादाची परंपरा जुनी. तिथल्या कारागिरांच्या हातात ती होतीच. या सुऱ्यांवर आज परदेशी लिलावांत बोली लागते आणि ‘मूळ चामडी म्यानासह’ हे शब्द ठळक अक्षरांत येतात.

आपल्याकडे या वस्तूंना आपले म्हणायला कोणी तयार नाही. राजवाड्याच्या शस्त्रांत त्या बसत नाहीत कारण त्या साहेबाच्या; साहेबाच्या वारशात बसत नाहीत कारण त्या देशी लोहाराच्या. औरंगाबादची हिमरू, बिदरी आणि पैठणी यांच्यावर परिसंवाद होतात. बोदराजच्या पात्यावर एखादा तरी झाला असेल तर आमच्या पाहण्यात नाही. सेलममधल्या त्या शिक्क्याची तमिळनाडूला तरी किती आठवण आहे, हा प्रश्न तिकडच्यांनी स्वतःला विचारावा. साहेबाने कमरेला लावला म्हणून सुरा साहेबाचा होत नाही. घडवणाऱ्याचे नाव त्यावर ठसठशीत आहे. देशी कारागिराने स्वतःचे नाव कोरलेल्या वस्तू आपल्याकडे फार नाहीत, एवढ्यासाठी तरी त्या जपायला हव्यात.

कायद्याने हे थांबेल असे मानणाऱ्यांनी कायदा वाचावा. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावस्तू मानतो. अशी वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कोणालाही देशाबाहेर नेता येत नाही. नेली तर किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद. ऐकायला कडक. पण देशातल्या देशात नोंदणीची सक्ती मुख्यतः शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांना आहे. शस्त्रांना त्या यादीत मानाचे पान नाही. नोंदच नसलेली कट्यार सीमा ओलांडून गेली तर ती इथे होती हे सिद्ध कोण करणार? निर्यातबंदीचे कुलूप लावले आहे, पण खोलीत काय होते याची यादी नाही.

दुसऱ्या बाजूने शस्त्र कायदा आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे त्याच्या नियमांतल्या धारदार शस्त्रांत मोडतात, आणि कट्यारीचे पाते मुठीजवळ बऱ्याचदा दोन इंचांहून रुंद असते. प्रत्यक्षात या प्रकारच्या शस्त्रांना सरसकट परवाना लागत नाही. केंद्राने अधिसूचना काढलेल्या भागातच तो लागतो. पण हे वारसदाराला कोण सांगणार? त्याला एवढेच ठाऊक असते की घरात हत्यार सापडले तर पोलीस येतील. मग तो ते भंगारात देतो, विहिरीत टाकतो किंवा दारावर आलेल्या गोडबोल्या खरेदीदाराला हातोहात विकतो. पुरातत्त्व खात्यात जाऊन ‘माझ्याकडे हे आहे, नोंद करा’ म्हणणाऱ्याची खात्याने जाहीर हमी घेतली पाहिजे. नोंद करणाऱ्यावर संशय आणि लपवणाऱ्याला मोकळे रान, ही सध्याची तऱ्हा चोराच्याच सोयीची आहे.

हा सगळा कल्पनेचा खेळ आहे असे कोणाला वाटेल तर त्याने याच राजवाड्यातली दोन उदाहरणे घ्यावीत. सरफोजीराजे आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांचे एकत्र चित्र अमेरिकेत सेलम गावच्या पीबडी एसेक्स संग्रहालयाने २००६ साली सुभाष कपूर या पुरावस्तू तस्कराकडून ३५ हजार डॉलरना विकत घेतले होते. कपूरचे कारनामे उघड झाल्यावर २०१५ मध्ये संग्रहालयाने ते अमेरिकी सरकारच्या हवाली केले. ते राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयातून गेल्याचे तमिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरी पथकाने नंतर सांगितले. दुसरे, त्रांकेबारला १७१५ साली छापलेला तमिळ नवा करार. तो २००५ मध्ये सरस्वती महालातून नाहीसा झाला आणि २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कलेक्शनमध्ये असल्याचा माग त्याच पथकाने काढला. ही दोन्ही कशाने सापडली? चित्रातले चेहरे ओळखू येत होते आणि पुस्तकावर नाव-साल छापलेले होते. कट्यारीवर चेहरा नसतो. तिच्या म्यानावर आणि वहीतल्या नोंदीवर जे असेल तेवढाच तिचा जन्मदाखला.

देशपातळीवरचे चित्र याहून उमेद देणारे नाही. स्मारके आणि पुरावस्तूंची राष्ट्रीय मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. देशात अंदाजे ५८ लाख पुरावस्तू आहेत असे धरले, तर त्यांतल्या १७ लाखांच्याही नोंदी पुऱ्या झाल्या नव्हत्या, असे संसदीय समितीसमोर २०२३ मध्ये आले. तंजावूरच्या राजवाड्यात या अडचणीला आणखी एक पदर आहे. दरबार महालाचा भाग राज्य पुरातत्त्व खात्याकडे, कलादालनाची व्यवस्था जिल्हा प्रशासनाशी जोडलेली, सरस्वती महाल ही स्वायत्त संस्था आणि काही भाग राजघराण्याच्या वारसांकडे. सगळ्यांचा कारभार शेजारी-शेजारी चालतो आणि प्रत्येकाचे दफ्तर वेगळे. एका चौकातली कट्यार, दुसऱ्या चौकातले म्यान आणि तिसऱ्या चौकातला तिचा कागद एकमेकांना भेटायचे तर तीन कार्यालयांच्या सह्या लागतील.

कागद आहेत, हे विसरू नये. सरस्वती महालातल्या मराठी हस्तलिखितांची संख्या तीन हजारांच्या घरात आहे, ती वेगळी. त्याशिवाय राजवाड्याच्या दैनंदिन कारभाराचे मोडी रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, शेकड्यांनी आहेत. त्यांतले काही तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाकडे गेले आणि तिथल्या अभ्यासकांनी निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर छापले. मराठ्यांच्या मोडीचे हे काम तमिळ विद्यापीठाने केले. आपल्या विद्यापीठांनी त्यांना मोडीवाचक तरी पाठवायचे होते. राजवाड्याच्या खात्यांत कोणाला किती पगार, कोणत्या सणाला काय खर्च, कोणत्या कारागिराला काय दिले हे ज्या कागदांत असते, त्यांतच शिलेखान्याचा जमाखर्च शोधावा लागेल: किती म्यानांना मखमल दिली, कोणत्या मिरवणुकीत कोणती हत्यारे बाहेर काढली. अशी एखादी ओळ हाती लागली की चेन्नईच्या कपाटातल्या आणि न्यूयॉर्कच्या पाटीखालच्या वस्तूंना तपासायला पहिला विश्वासाचा आधार मिळतो.

इथे महाराष्ट्र सरकारला चार शब्द सुनावणे भाग आहे. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली. ढोलताशे वाजले, मंत्र्यांची भाषणे झाली. ती शिवछत्रपतींचीच, असे त्या संग्रहालयानेही छातीठोकपणे सांगितलेले नाही. ती ज्या पेटीत ठेवलेली आहेत ती पेटी स्कॉटलंडमध्ये केलेली आणि तिच्यावरचा मजकूर तिथलाच. म्हणजे आवरण परके आणि त्यावरच्या शब्दांवर सगळा इतिहास उभा. २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारने रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. घेतली ते चांगलेच केले. तिचे पाते युरोपीय, पण मालकाचे नाव देवनागरीत सोन्याने लिहिलेले; म्हणून ती कोणाची याबद्दल वाद झाला नाही. तंजावूरच्या हत्यारांवर असे सोन्याचे नाव क्वचितच. तेव्हा तिथे हवा दप्तरातला पुरावा, आणि दप्तर चाळण्यात ढोल वाजवायची सोय नसते.

परदेशातल्या प्रत्येक तंजावुरी कट्यारीवर ‘परत द्या’ म्हणून दावा ठोकावा, असे आमचे म्हणणे नाही. १८६० च्या दशकातली विल्हेवाट सरकारने लावली. तिच्यात विकत घेतलेली वस्तू आजच्या कायद्याने चोरीची ठरत नाही, कितीही मन खवळले तरी. स्वातंत्र्यानंतर, आणि विशेषतः १९७६ मध्ये पुरावस्तू कायदा अमलात आल्यानंतर बाहेर गेलेली वस्तू ती वेगळी. यांतला फरक सांगता आला नाही तर खऱ्या चोरीच्या बाबतीतही आपली बाजू लंगडी पडते. उगाच सगळ्यांवर बोट दाखवणाऱ्याचे कोर्टात कोणी ऐकत नाही.

करायचे काम छोटे आहे. चेन्नईचे सरकारी संग्रहालय आणि तंजावूरच्या राजवाड्यातली सर्व दफ्तरे मिळून प्रत्येक पात्याचा आणि प्रत्येक सुट्या म्यानाचा दोन्ही बाजूंनी फोटो, मापे, वजन, रिव्हेटांची संख्या, कोरलेली अक्षरे अशी एक यादी तयार करायची आणि ती सर्वांसाठी खुली ठेवायची. सुट्या म्यानांची स्वतंत्र यादी करून एकेकाची मापे सगळ्या पात्यांशी ताडायची. काही जोड्या तरी जुळतील. निर्लेखनात गेलेली चामडी ‘मोडतोड’ पुन्हा तपासायची आणि तपासणी होईपर्यंत एकही म्यान निकालात काढायचे नाही. सेलम आणि औरंगाबादच्या शिक्क्यांच्या सुऱ्यांना या यादीत जागा द्यायची. राजवाडा परिसरात आणि भोवतालच्या गावांत ज्यांच्या घरी जुनी हत्यारे आहेत त्यांना शिक्षेची भीती न घालता नोंदीला बोलवायचे, जाहिरात तमिळ आणि मराठी दोन्हींत द्यायची. आणि मोडी रुमालांतले शिलेखान्याचे कागद शोधायला माणसे नेमायची.

खर्चाचे म्हणाल तर दोन मोडीवाचक आणि एक छायाचित्रकार यांना प्रत्येकी दरमहा ४० हजार रुपये दिले, तर वर्षाला १४ लाख ४० हजार होतात. लंडनच्या त्या एका तलवारीच्या किमतीत ही तीन माणसे तीन वर्षे काम करतील आणि वर जवळजवळ चार लाख कॅमेऱ्याला व प्रवासाला उरतील. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक कार्य खात्याने तमिळनाडू सरकारला तसा प्रस्ताव येत्या अधिवेशनाआधी पाठवावा. साताऱ्यात आलेल्या त्या वाघनखांची मुदत २०२७ मध्ये संपते. ती परत पाठवण्याची तयारी सुरू होण्यापूर्वी तंजावूरची पहिली यादी लोकांपुढे आली पाहिजे.